क्वांटमनं जाणिवेचा उलगडा होतो का? एका भूलतज्ज्ञाचं उत्तर

गेल्या आठवड्यात पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीला एक बाई आल्या होत्या. सोबत मुलगा, शिवाजी विद्यापीठात फिजिक्सच्या एमएस्सीला. बीपी, गोळ्या, ॲलर्जी, हलणारे दात असं सगळं विचारून झाल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, मी क्वांटम हीलिंगचं शिबिर केलंय. मन म्हणजे क्वांटम ऊर्जा असते, असं तिथं शिकवलं. मग मला भुलीचं औषध कमी लागेल ना?" मुलगा मान खाली घालून बसला होता. रात्री त्याचा लांबलचक मेसेज आला. त्याचा सारांश असा: "मॅडम, शिबिराचं सोडा. पण पेनरोज यांच्यासारखे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ आणि हॅमरॉफ यांच्यासारखे तुमच्याच व्यवसायातले डॉक्टर म्हणतात की जाणीव क्वांटम आहे. त्यात तथ्य किती? क्वांटम फिजिक्सनं मनाचा उलगडा होतो का?" हाच प्रश्न मला वर्षाकाठी चार-पाच जण विचारतात, म्हणून दोघांना विचारून इथं त्या मुलाला उद्देशून सविस्तर लिहिते.

आधी थोडक्यात. आजच्या घडीला क्वांटम फिजिक्सनं, म्हणजे अणू आणि त्याहून लहान कणांच्या नियमांनी, जाणिवेचा उलगडा झालेला नाही. उद्या झाला तरी तुझ्या आईला औषध तेवढंच लागेल. घाबरलेल्या माणसाला सुरुवातीला थोडं जास्त लागतं हा आमचा नेहमीचा अनुभव, त्यामुळं शिबिरातल्या श्वासाच्या व्यायामानं त्या शांत राहिल्या तर मला आनंदच आहे. पण त्याचं श्रेय श्वासाला.

आता माझ्या बाजूनं काय दिसतं ते सांगते. सत्तावीस वर्षं मी रोज माणसांची शुद्ध घालवते आणि परत आणते. एका तालमीतला पैलवान खांद्याच्या ऑपरेशनला आला होता. वजन शंभराच्या वर आणि सुईला घाबरणारा. लक्ष दुसरीकडं जावं म्हणून म्हटलं, एखादी कुस्ती सांगा. तो कोल्हापूरच्या खासबागेतली कुस्ती सांगायला लागला आणि मी प्रोपोफॉल सोडायला सुरुवात केली. हे औषध दुधासारखं पांढरं असतं, सोयाबीनच्या तेलात घोटलेलं. शिरेत जाताना जरा चुरचुरतं. "त्यानं पट काढला मॅडम, आनि मी वरनं..." एवढ्यावर वाक्य तुटलं. पापणीच्या केसांना बोट लावलं, पापणी हलली नाही. अडीच तासांनी रिकव्हरीत डोळे उघडले आणि पहिला प्रश्न, "कवा सुरू करनार?"

झोपेतून उठलेल्या माणसाला निदान बराच वेळ झोपलो असं तरी वाटतं. पैलवानाच्या लेखी ते अडीच तास झालेच नव्हते. त्या काळात त्याचं हृदय चालू होतं, मूत्रपिंडं काम करत होती, मेंदूला रक्त मिळत होतं, मेंदूतल्या पेशी विद्युत संदेशही सोडत होत्या. मग बंद काय झालं होतं? तुझ्या प्रश्नाचं खरं ठिकाण हे आहे, म्हणून इथं जरा थांबते.

कपाळाला इलेक्ट्रोड चिकटवून आम्ही मेंदूच्या लहरी बघतो. जागेपणी त्या बारीक, वेड्यावाकड्या असतात. प्रोपोफॉल चढलं की दोन गोष्टी दिसतात. एक, सेकंदाला एकाहूनही कमी अशा मोठ्या संथ लाटा. दुसरी, कपाळाच्या भागात सेकंदाला आठ ते बाराच्या आसपासची एकसुरी लय. खासबाग मैदानात कुस्ती लागण्याआधीची गर्दी आठव. हजारो माणसं शेजाऱ्याशी काहीबाही बोलत असतात आणि बातमी या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचते. मग हलगी घुमायला लागते आणि सगळं मैदान एका ठेक्यावर टाळ्या वाजवतं. आवाज वाढलेला असतो, पण आता कुणाचं बोलणं कुणाला पोचत नाही. प्रोपोफॉलखाली साधारण असं होतं. पेशी जिवंत असतात, कामात असतात, पण ठेक्यात अडकतात आणि मेंदूच्या एका भागाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत जात नाही.

हे तपासायची एक सुंदर पद्धत इटलीतल्या मासिमिनी यांच्या गटानं काढली. मडकं घेताना आपण बोटानं वाजवून बघतो ना, तसं बाहेरून चुंबकीय टिचकी मारायची आणि मेंदूत तिचा नाद कुठवर जातो ते मोजायचं. जाग्या माणसात तो नाद मेंदूभर फिरतो, दर ठिकाणी वेगळं रूप घेतो. गाढ झोपेत किंवा प्रोपोफॉलखाली तो जागच्या जागी बद्द वाजून विरतो. २०१३ मध्ये त्यांनी या नादाच्या गुंतागुंतीला आकडा दिला आणि बोलू न शकणाऱ्या रुग्णांत शुद्ध आहे की नाही याचा अंदाज घ्यायला तो उपयोगी पडतो. या सगळ्या हिशोबात क्वांटम कुठंही आणावं लागत नाही, हे ध्यानात ठेव.

मात्र आमच्याच कपाटात केटामाइन नावाचं एक औषध आहे, ते हा सुटसुटीत हिशोब बिघडवतं. भाजलेल्या एका बाईंचं ड्रेसिंग बदलताना मी ते दिलं होतं. डोळे सताड उघडे, बुबुळं हळूहळू हलणारी, वेदनेला प्रतिसाद शून्य. भूल किती खोल आहे ते शून्य ते शंभर आकड्यात दाखवणारं यंत्र अशा वेळी फसतं, केटामाइननं आकडा उलट वर चढू शकतो. नंतर बाई म्हणाल्या, "मी जोतिबाच्या डोंगरावरनं खाली बघत होते, सगळं गुलालानं भरलेलं." म्हणजे त्या बेशुद्ध नव्हत्याच, फक्त आमच्यात नव्हत्या. तेव्हा शुद्ध म्हणजे एकच बटण आहे आणि आम्ही ते बंद करतो, असं समजू नकोस.

आता क्वांटमकडं. हॅमरॉफ हे अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठातले भूलतज्ज्ञ. त्यांना पडलेला प्रश्न आम्हा सगळ्यांना कधी ना कधी पडतो. भूल देणारे पदार्थ रासायनिकदृष्ट्या एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. ईथर, हॅलोथेन, नायट्रस ऑक्साइड आणि चक्क झेनॉन! झेनॉन हा हेलियमच्या कुळातला निष्क्रिय वायू, सहसा कुणाशी बंध न जोडणारा. तरीही तो माणसाला भूल देतो, हे १९५१ पासून माहीत आहे. बंध न जोडता परिणाम होतो तो अगदी क्षीण आकर्षणातून, आणि ते आकर्षण मुळात क्वांटम आहे. इथून हॅमरॉफ यांची गाडी सुरू होते.

पण तू फिजिक्सचा विद्यार्थी आहेस, इथं थबकायला हवंस. ते आकर्षण क्वांटम आहे तसा टेबलाचा टणकपणाही क्वांटम आहे आणि हळदीचा पिवळेपणाही. सगळं रसायनशास्त्रच क्वांटमवर उभं आहे. त्या अर्थानं मन क्वांटम आहे म्हणणं म्हणजे तांबडा रस्सा क्वांटम आहे म्हणण्यासारखं. खरं आहे, पण रश्श्याची चव त्यानं कळत नाही. दावा वजनदार व्हायचा तर एवढं दाखवावं लागेल की अनेक रेणू मिळून एक क्वांटम अवस्था धरतात, ती पुरेसा वेळ टिकते आणि तिच्यावाचून विचार होऊच शकत नाही.

झेनॉनच्या कोड्याला दुसरं उत्तरही मिळालेलं आहे आणि त्यात काजवे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मायर आणि ओव्हर्टन या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं की जो पदार्थ ऑलिव्ह तेलात जितका जास्त विरघळतो, तितकी त्याची भूल प्रभावी. त्यावरून कितीतरी वर्षं समज होता की ही औषधं पेशीच्या स्निग्ध आवरणात शिरून काम करतात. १९८४ मध्ये लंडनमध्ये फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्याच्या प्रकाशाचं प्रथिन, ल्युसिफरेज, परीक्षानळीत घेतलं. त्यात तेलाचा थेंब नाही, पेशी नाही, मेंदू नाही. भुलीची औषधं घातली तर प्रकाश मंदावला, आणि साधारण त्याच प्रमाणात, ज्या प्रमाणात प्राणी बेशुद्ध होतात. म्हणजे ही औषधं प्रथिनाच्या खाचेत बसून काम करू शकतात. पुढं मेंदूत संदेश झेलणारी अशी प्रथिनं, म्हणजे रिसेप्टर, सापडत गेली. प्रोपोफॉलचं मुख्य ठिकाण गाबा रिसेप्टर, केटामाइन आणि झेनॉनचं एनएमडीए रिसेप्टर. मेअखेरीला राधानगरीच्या बाजूला काजव्यांनी झाडं लखलखतात तेव्हा मला दरवेळी ती परीक्षानळी आठवते. नवरा म्हणतो, तुझ्याबरोबर कुठं फिरायला जायची सोय नाही.

पेनरोज दुसऱ्या वाटेनं आले. १९८९ मध्ये त्यांनी मांडलं की गणितज्ञाला जे 'दिसतं' ते कुठल्याही संगणकाच्या नियमांत बसत नाही. आधार घेतला तर्कशास्त्रज्ञ गोडेल यांच्या १९३१ च्या प्रमेयाचा: गणिताच्या ठरावीक नियमांत काही खरी विधानं सिद्धच होत नाहीत. मग मेंदूत असं काहीतरी हवं जे गणनेपलीकडचं आहे. ते त्यांनी क्वांटम अवस्था कोसळण्यात, म्हणजे एकाच वेळी असलेल्या अनेक शक्यतांतली एकच उरण्यात, शोधलं, आणि कोसळण्याचं कारण गुरुत्वाकर्षण धरलं. मेंदूत हे घडतं कुठं, याचं उत्तर हॅमरॉफ यांनी पुरवलं: मायक्रोट्यूब्यूल. पेशीच्या आतल्या प्रथिनांच्या नळ्या, २५ नॅनोमीटर जाडीच्या, केसाच्या सुमारे तीन हजार पट बारीक. नव्वदच्या दशकाच्या मध्यात दोघांनी मिळून सिद्धांत मांडला. पेनरोज यांना २०२० मध्ये नोबेल मिळालं ते कृष्णविवरांवरच्या कामासाठी. शिबिरात ते नोबेल या सिद्धांताच्या खात्यावर जमा करतात, तेवढं आईला जरूर सांग.

अडचणी पुष्कळ आहेत. सर्वांत मोठी तुला ठाऊक असेल, डिकोहिरन्स, म्हणजे भोवतालच्या धक्क्यांनी क्वांटम अवस्था मोडणं. ती आईला समजावायची तर किरणोत्सवाचं उदाहरण दे. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीला मावळतीची किरणं महाद्वारातून थेट अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत जातात. पण मध्ये धूळ आली, ढग आला, एखाद्या इमारतीचा कोपरा आला की किरणं अलीकडंच विरतात. क्वांटम अवस्थेची वाट याहून कितीतरी नाजूक असते. म्हणून क्वांटम संगणकाच्या बऱ्याच चिप निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड ठेवाव्या लागतात. मेंदू आहे ३७ अंशांवर, पाण्यानं आणि धडका देणाऱ्या आयनांनी भरलेला. २००० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ टेगमार्क यांनी हिशोब मांडला की मायक्रोट्यूब्यूलमधली अशी अवस्था सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाच्या आसपास मोडेल. मज्जापेशीचा एक संदेश साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाचा असतो, म्हणजे हजार कोटी पटींचा फरक. हॅमरॉफ यांच्या गटानं उत्तर दिलं की गृहीतकं बदलली तर तो काळ सेकंदाच्या लाखाव्या ते दहा हजाराव्या भागापर्यंत जातो. वाढला खरा, तरी पुरेसा नाही.

दुसरी अडचण माझ्या धंद्यातली. मायक्रोट्यूब्यूल मेंदूतच असतात असं नाही, यकृतातही असतात. गाउटसाठी वापरलं जाणारं कोल्चिसिन हे औषध त्यांची बांधणीच रोखतं. ते घेतलेली माणसं शुद्ध हरपून पडत नाहीत, उलट जुलाबानं हैराण होऊन भांडायला येतात. यावर प्रतिवाद असा की कोल्चिसिन मेंदूत फारसं शिरत नाही आणि मेंदूतल्या नळ्या जास्त स्थिर असतात. प्रतिवाद ठीक आहे. मला स्वतःला तो अर्धाच पटतो.

तिसरी फिजिक्सची. गुरुत्वाकर्षणामुळं अवस्था कोसळत असेल तर त्यातून अतिक्षीण किरणोत्सर्ग व्हायला हवा, असं या कल्पनेचं सर्वांत साधं रूप सांगतं. इटलीत ग्रान सासो डोंगराच्या पोटातल्या प्रयोगशाळेत तो शोधला, सापडला नाही, आणि ते साधं रूप बाद झालं. बाकीची रूपं अजून उभी आहेत.

एवढं वाचून तू फाईल बंद करशील, तर तेही घाईचं होईल. २०१८ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात दिसलं की ज्या झेनॉनच्या केंद्रकाला स्पिन (फिरकीसारखा एक क्वांटम गुणधर्म) आहे, त्याची भूल स्पिन नसलेल्या झेनॉनपेक्षा कमी पडते. रसायन तेच, फरक फक्त केंद्रकात. हे खरं टिकलं तर आमच्या पाठ्यपुस्तकांना एक प्रकरण जोडावं लागेल. २०२४ मध्ये उंदरांना मायक्रोट्यूब्यूल घट्ट करणारं औषध आधी दिलं, तर आयसोफ्ल्युरेन या हुंगवायच्या भुलीच्या औषधानं बेशुद्ध व्हायला त्यांना मिनिटभराहून थोडा जास्त वेळ लागला. बातम्यांत लगेच 'जाणीव क्वांटम असल्याचा पुरावा' आला. मी मात्र त्यातले प्राणी मोजले, आठ. आणि समजा प्रयोग बरोबर आहे, तरी त्यानं एवढंच कळतं की भुलीत या नळ्यांचा काहीतरी हात आहे. हात आहे म्हणजे तो क्वांटमचाच हात, हे मधलं पाऊल अजून कुणी टाकलेलं नाही. सजीवांत क्वांटमचे खरे खेळ असूच शकत नाहीत, असंही नाही. रॉबिन पक्ष्याच्या डोळ्यातलं एक प्रथिन इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या जोरावर पृथ्वीचं चुंबकत्व टिपत असावं, याला २०२१ मध्ये चांगला आधार मिळाला. पण पक्ष्याला दिशा सापडणं वेगळं आणि दिशा सापडल्याचं त्याला काही वाटणं वेगळं.

हे 'वाटणं' मला सर्वांत जास्त सतावतं, आणि त्याचा संबंध आमच्या एका जुन्या युक्तीशी आहे. १९७७ मध्ये टनस्टॉल या डॉक्टरांनी ती मांडली. स्नायू शिथिल करणारं औषध देण्याआधी एका हाताला पट्टा आवळायचा, म्हणजे ते औषध त्या हातात उतरत नाही. सगळं शरीर लुळं, एक हात मोकळा. मग कानात सांगायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. २०१७ मध्ये अनेक रुग्णालयांत मिळून २६० जणांवर हे केलं, तर १२ जणांनी हात दाबला. नंतर विचारलं तेव्हा एकालाही काही आठवत नव्हतं.

ते बारा जण त्या क्षणी जागे होते का? मराठीत आपण या सगळ्याला 'भूल' म्हणतो ते मला फार अचूक वाटतं. इंग्रजी 'ॲनस्थेशिया' संवेदना नसण्याकडं बोट दाखवतो, आपला शब्द विसरण्याकडं. नसेलच काही जाणवलं, की जाणवलं आणि पुसलं गेलं? दोन्हींत नंतरचं उत्तर एकच येतं. बाहेरून कितीही यंत्रं लावली तरी 'त्याला काय वाटत होतं' हे मी त्याच्या आत शिरून बघू शकत नाही. तत्त्वज्ञ चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये याला जाणिवेचा अवघड प्रश्न म्हटलं. मेंदू माहिती कशी हाताळतो हे सगळं कळलं, तरी ती हाताळताना आत काहीतरी वाटतं का, आणि का वाटतं, हे उरतंच. आता गाबा रिसेप्टरच्या जागी क्वांटम अवस्था ठेवून बघ. ती कोसळली. बरं, मग? कोसळल्यावर गुलालाचा रंग लाल का दिसतो? प्रश्न एक मजला खाली उतरला, सुटला नाही. क्वांटमही गूढ, जाणीवही गूढ, म्हणून दोघांचं मूळ एकच असणार, हा तर्क चाल्मर्स यांनीच थट्टेवारी नेला आहे. माझा खरा आक्षेप हा आहे. तापमानाचा आक्षेप उद्या एखाद्या प्रयोगानं निकालात निघूही शकतो.

निरीक्षकाचं तेवढं राहिलं. बघणाऱ्याच्या मनानं कण आपलं वागणं बदलतो, हे शिबिरातलं हुकमी वाक्य. त्यात इतिहासाचा कण आहे: गणितज्ञ फॉन नॉयमन यांच्या १९३२ च्या मांडणीतून हा धागा निघतो, आणि भौतिकशास्त्रज्ञ विग्नर यांनी १९६१ मध्ये गंभीरपणे मांडलं होतं की मोजमाप पुरं होतं ते जाणिवेपाशी. पुढं विग्नर यांनी स्वतःच ते मत सोडलं. प्रयोगशाळेत 'बघतो' तो डिटेक्टर. कण दोन फटींतून सोडले की पडद्यावर पट्टे उमटतात; खोलीत चिटपाखरू नसलं तरी कण कुठल्या फटीतून गेला याची डिटेक्टर नोंद करतो आणि ते पट्टे नाहीसे होतात. क्वांटमचं मूळ समीकरण मांडणारे श्रोडिंगर उपनिषदं आवडीनं वाचायचे हे खरं, पण त्यांच्या समीकरणात उपनिषदांची एकही संज्ञा नाही.

पेनरोज आणि हॅमरॉफ यांना मी शिबिरवाल्यांच्या रांगेत बसवत नाही. त्या दोघांनी मोजता येईल असं काहीतरी सांगितलं आणि लोकांनी मोजून त्यांना अडचणीत आणलं. शिबिरातल्या 'कंपनां'ना अडचणीत आणायचं म्हटलं तरी कुठं धरायचं?

तू शेवटी विचारलंस की याच विषयात पीएचडी करू का. क्वांटम नीट शीक, आणि जोडीला मेंदूच्या लहरींचं गणित शीक. लहरींच्या बाजूला आत्ता खरं काम आहे, आणि आम्हाला तिथं फिजिक्सवाली माणसं हवीच आहेत.

आता आईचं. सोमवारी सकाळी आठला पहिलीच केस आहे. रात्री दहानंतर काही खायचं नाही, साधं पाणी सकाळी सहापर्यंत चालेल. बीपीची गोळी मी चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणे घ्यायची. शिबिरात कुणी ती बंद करायला सांगितली असेल आणि त्यांनी केली असेल, तर रागवू नकोस, पण मला आधी फोन कर. आणि त्यांच्या उजव्या हातात ते शिबिरातलं क्वांटम कडं आहे ना, ते घरीच काढून ठेवा. सर्जन विजेवरची डायथर्मी वापरतात, अंगावर धातू असला तर तिथं भाजण्याचा धोका असतो. निघत नसेल तर साबणाचं पाणी लावून बघा.